मध्ये कोरं राहिलेलं बेट

माझा मामेभाऊ जनार्दन सहा आठवड्यांपूर्वी, बुधवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास, शेणव्याजवळच्या आपल्या शेतात भात कापताना वारला. वय एक्कावन्न होते. पाच खाचरांपैकी चार कापून झाली होती आणि पाचव्यात तो निम्म्यावर आला होता. विळा बांधावर ठेवून तो बसला, त्याने पाणी मागितले, आणि पाणी येईपर्यंत तो आडवा झाला होता. जीपने शहापूरला नेल्यावर डॉक्टरांनी तपासले आणि तो गेल्याचे सांगितले. मला हे दहा चाळीसला कळले. तेव्हा मी ठाण्यात, वर्तमानपत्राच्या कचेरीत होतो. फोन त्याच्या मेहुण्याचा, बबनचा होता. "भाऊ, दाजी गेले," तो म्हणाला. मी विचारले, कधी, कुठे, सोबत कोण होते. बबनने तिन्हींची उत्तरे दिली आणि मग म्हणाला, "तुमी बातमी घेताय का भाऊ?" मी नाही म्हणालो.

जनार्दन गावात दोन गोष्टींसाठी ओळखला जाई. एक त्याचे भात. दुसरी त्याची बोट. नव्वदच्या दशकात आणि पुढे दोन हजारनंतरची काही वर्षे, असे एकूण नऊ हिवाळे तो अटलांटिकमधल्या एका द्वीपसमूहात आलिशान यॉटवर आचारी होता. त्याच्याविषयी मी माझ्या वर्तमानपत्रात एक लेख छापला होता. त्यात एक चूक होती. ती दुरुस्त करण्याची मागणी त्याने एकदाच केली. मी ती पुरी केली नाही. हा मजकूर लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

माझी आई शेणव्याकडची आणि वडील मुरबाड तालुक्यातल्या धसईचे. मे महिन्याच्या सुट्टीत आई आम्हांला मामाकडे नेई. जनार्दन मामाचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. शहापूरला दहावी करून तो मुंबईत एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात लागला, तिथून मोठ्या हॉटेलात, तिथून प्रवासी जहाजावर आणि जहाजावरच्या एका अधिकाऱ्याच्या ओळखीने यॉटवर. यॉट म्हणजे काय, हे त्याने मामाला असे सांगितले होते : "लग्नाला जीप भाड्यानं करतात ना, तशी बोट भाड्यानं करायची. डायवर, आचारी, झाडूवाला सगळा त्यांचा. आपण नुसतं बसायचं." मामाने विचारले, "आन् लगीन कोणाचं?" "कोणाचंच नाय." "मग जातात कुठं?" "बेटाभोवती." मामा म्हणाला, "म्हंजे प्रदक्षिणा."

त्या बेटांवर थंडी नसते आणि आपल्यासारखा उकाडाही नसतो. वादळांचे महिने संपले की नोव्हेंबरअखेर पाहुणे येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत येत राहतात. जनार्दन दिवाळी करून निघे आणि मे महिन्यात परते, राब भाजून रोपांची जमीन तयार होत असताना. लावणी, बेणणी, कापणी सगळी त्याच्या हातची होई. शेवटचे भात झोडून झाले की तो बॅग भरी. पाहुण्यांसाठी बोटीवर सर्व देशांचे सामान असे, पण खलाशांसाठी तो घरचा पाच किलो तांदूळ नेई. नऊ वर्षांत त्याचा एकही भाताचा हंगाम चुकला नाही आणि बोटीचाही नाही.

बोटीवर आठ पाहुणे आणि पाच नोकर. पाहुणे मुख्य बंदरात चढत. मग बोट मोठ्या बेटाच्या कडेने जाई. बेटाला एकोणीस आखाते होती आणि प्रत्येक आखाताची वेळ ठरलेली. एका ठिकाणी सकाळी पाणी इतके निवळ असे, की नांगर तळाला बसलेला दिसे. तिथे पाहुणे नळी तोंडात धरून प्रवाळ पाहायला उतरत. दुसरीकडे गुहा होत्या, भरती ओसरल्यावर डिंगीने म्हणजे लहान होडीने आत जाता येई. एका ठिकाणी समुद्रात फक्त चार तास उघडा पडणारा वाळूचा दांडा होता. त्यावर पांढरे कापड अंथरून जेवण मांडले जाई. गावाच्या आखातात धक्का होता, धक्क्यामागे बाजार, बाजारामागे टेकडी आणि टेकडीवर जुना दीपस्तंभ. पाहुणे सकाळी जात, संध्याकाळी भाजून लाल होऊन परत येत आणि डेकवर बसून दिवसभर काय पाहिले ते एकमेकांना सांगत. ते ऐकत जनार्दन मासा भाजत असे. पाहुणे बेट पाहायला गेले की आचाऱ्याने बोटीवरच थांबायचे, कारण ते कधीही परत येतील आणि आले की भुकेले असतील. हा कायदा नव्हता, कामाची पद्धत होती. चार्टर म्हणजे पाहुण्यांची भाड्याची सफर संपून बोट मुख्य बंदराला लागेपर्यंत आचारी उतरत नसे.

याची त्याने एक वही केली होती. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी. एकेका आखाताला एक पान. पेन्सिलने काढलेली किनाऱ्याची रेघ, वाऱ्याचा बाण, नांगराची जागा आणि खाली तिथे काय शिजवायचे. "इथं बोट हलते. रस्सा नको." "इथं दुपारी वारा पडतो. गार काहीतरी." अक्षर शाळेतलेच राहिले होते.

जुलैतल्या एका लावणीच्या दिवशी मी मामाकडे गेलो होतो. मामा तेव्हा हयात होता. चिखलात मामा, जनार्दन, त्याची बायको सुमनवहिनी आणि वाडीतल्या चार बायका होत्या. रस्त्याने जाणाऱ्या कोणीतरी हाक मारली, "किती झाली रे?" मामा म्हणाला, "दोन." तिसऱ्या खाचराचा जेमतेम एक कोपरा राहिला होता. मी बांधावरून म्हणालो, "मामा, तिसरं होतच आलंय की." जनार्दनने मान वर न करता उत्तर दिले, "होत आलंय म्हंजे झालं नाय. आमच्या घरात अर्धं खाचर मोजत नाय, पेपरवाले."

"त्यांच्या पेपरात मोजत असतील," मामा म्हणाला.

"मोजलं की बाया घरी पळतात, भावजी," वहिनी म्हणाल्या. "म्हणून मोजत नाय. दुसरं काय नाय त्यात." बायका हसल्या. एकीने माझ्या अंगावर रोपांची मूठ फेकली आणि मला चिखलात उतरावे लागले.

त्याच्या पुढच्या जानेवारीत मामा वारला. सकाळी गेला. बबनचा तेव्हा शेणवा नाक्यावर एसटीडी बूथ होता. तो जीपने शहापूरला आला आणि तिथून त्याने माझ्या कचेरीत फोन केला. स्वतःचा बूथ असताना शहापूरहून फोन का, हे मी विचारले नाही. मी यॉटच्या कंपनीला फॅक्स पाठवला : वडील वारले, घरी संपर्क साधावा. खाली बबनच्या बूथचा क्रमांक लिहिला, कारण घरचा म्हणून माझ्याकडे तोच होता. एकुलता एक मुलगा इथे नसल्यामुळे अग्नी त्याच्या चुलतभावाने दिला. वहिनी बूथवर जाऊन बसू लागल्या. घरचे काम उरकून जात आणि बूथ बंद झाल्यावर परतत. तेराव्यापर्यंत फोन आला नाही. दिवसकार्याला आलेल्या लोकांपैकी कोणी म्हणाले, पोराला कळलं नसेल. कोणी म्हणाले, कळलं असेल.

तो फोन बाविसाव्या दिवशी आला, चार्टर संपून बोट मुख्य बंदराला लागल्यावर. जनार्दनने वहिनींना सांगितले, की बातमी दुसऱ्याच दिवशी मिळाली होती, पण बोटीवरचा फोन पाहुण्यांसाठी आणि संकटासाठी असतो आणि चार्टर चालू असताना आचारी जमिनीवर उतरत नाही. मे महिन्यात परतल्यावर त्याने हेच पुन्हा सांगितले. वहिनींनी ते मानले. कोणी टोमणा मारला, तर त्याच उत्तर देत : "उतरू देत नाय तिथं. तुमी जाऊन बघा." दर रविवारी त्या त्याला पत्र लिहीत. शेतातले, घरातले, मुलीच्या शाळेतले, सगळे. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि लिहिण्याची आवड होती. कंपनीच्या पत्त्यावरून ती पत्रे पंधरा दिवसांनी बोटीवर पोहोचत.

दोन वर्षांनी रविवारच्या पुरवणीसाठी मी जनार्दनवर लेख लिहिला. शेणव्याचा माणूस जगातल्या श्रीमंतांना जेवू घालतो, हा विषय संपादकांना आवडला होता. मी ओटीवर बसून दोन तास टिपणे घेतली. बेट कसे आहे, असे विचारले. तो सांगत गेला. धक्का आहे. धक्क्यावरच टेलिफोनचे लाल खोके आहे. पुढे बाजार, रविवारी भरतो. टेकडी चढायला दीड तास. वरून दोन्हीकडचा समुद्र दिसतो. ही टिपणे माझ्याकडे आजही आहेत. "चढायला दीड तास" असे लिहिले आहे. कोणाला, ते लिहिलेले नाही. मी विचारले नाही आणि त्याला वेगळे सांगायचे सुचले नाही, कारण उतरत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होते. छापून आले ते असे : "दर रविवारी जनार्दन धक्क्यावर उतरतो, टेलिफोनच्या लाल खोक्यापुढून बाजारात शिरतो आणि पाहुण्यांचे जेवण व्हायच्या आत टेकडी चढून येतो."

लेख नोव्हेंबरच्या अखेरीस छापला. जनार्दन तेव्हा बोटीवर होता. बबनने तो बूथच्या काचेला लावला. वहिनींनी तो तिथेच, उभ्याने वाचला. बबनच्या सांगण्यानुसार त्यांनी दोनदा वाचला आणि विचारले, "हे लाल खोकं म्हंजे आपल्या बूथसारखंच काय?" बबन हो म्हणाला.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी पत्र लिहिले नाही. पुढेही कधी लिहिले नाही.

मे महिन्यात जनार्दन घरी आला तेव्हा नाक्यावर लोकांनी त्याला चिडवले. "काय जना, रविवारचा बाजार करतोस म्हणे! आमाला पिशवी आण ना." तो हसला असे लोक सांगतात. घरी काय बोलणे झाले, ते मला माहीत नाही. जूनमध्ये एका दुपारी तो ठाण्याच्या कचेरीत आला. पूर्वी कधी आला नव्हता. पायरीवर चपला काढू लागला, तेव्हा शिपायाने नको म्हटले. माझ्या टेबलावर त्याने करवंदांची पिशवी ठेवली आणि शेजारी ती निळी वही.

"एक ओळ टाक," तो म्हणाला. "जनार्दन बेटावर उतरत नाय. एवढीच."

मी म्हणालो, "दादा, सहा महिने झाले. आता दुरुस्ती टाकली तर लोक विचारतील कुठला लेख."

"लोकांसाठी नकोय. ती पत्र लिहीत नाय आता."

"मी वहिनींना सांगतो. येतो रविवारी."

"तोंडी मीपण सांगितलंय. छापलेलं तिला पटतं. तुझं छापलेलं आहे ना, मग तूच छाप." मग त्याने वही उघडली. मधल्या जोडपानावर पूर्ण बेट होते. कडेची रेघ बारकाव्यांसह काढलेली, एकोणीस नांगर आणि मध्ये काहीही नाही. ना बाजार, ना टेकडी. "बघ," तो म्हणाला, "कडच काढलीय. आत काय आहे, मी बघितलं नाय. उतरलोच नाय, तर काढू कसं?"

मी ते पान मिनिटभर पाहिले. गावाच्या आखातापाशी, धक्क्याच्या जागी तेव्हा एक लहान चौकोन होता की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी पाहिला नाही. संपादकांना विचारतो, असे मी म्हणालो. विचारलेही. पुरवणीतल्या लेखाची दुरुस्ती इतक्या उशिरा देत नाहीत, असे उत्तर मिळाले. ते अपेक्षित होते. मी दुसऱ्यांदा विचारले नाही. जनार्दनने पुन्हा विषय काढला नाही. जाताना फक्त म्हणाला, "करवंदं आजच खा, उद्या राहायची नाय."

एका रविवारी मी शेणव्याला जाऊन वहिनींना सांगितले, की चूक माझी होती. त्या म्हणाल्या, "असेल," आणि चहा ठेवायला उठल्या. पुढे तो आणखी काही हिवाळे गेला. गुडघा धरू लागल्यावर बोट सोडली. त्यानंतर घरीच होता. दोघे एकत्र शेत करत. भांडताना त्यांना कोणी पाहिलेले नाही. मी जात असे तेव्हा तो बोटीच्या गोष्टी सांगे, वाळूच्या दांड्यावर मांडलेल्या जेवणाची, एका पाहुणीने डोसा हातात धरून त्यातून समुद्र पाहिला त्याची. पूर्वी वहिनी मध्येच टोकत, "ते खोटं हां," आणि तो शपथ घेई. आता त्या तांदूळ निवडत बसत.

दहाव्याच्या दिवशी बबनने कणगीवरच्या फळीवरून वही काढून माझ्या हातात दिली. कशाला हवी असेल तर बघा, म्हणाला. जोडपानावर धक्क्याच्या जागी पेन्सिलचा एक चौकोन होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याखाली बारीक अक्षरांत एक क्रमांक. मी तो बबनला दाखवला.

"हा तर माझ्या बूथचा," तो म्हणाला.

वहीच्या पुठ्ठ्यामागे कप्तानाचे नाव होते. कंपनीमार्फत मी त्याला ईमेल पाठवला. तो आता निवृत्त आहे, बोटीच्या रोजवह्यांच्या प्रती त्याच्याकडे आहेत. मी दोन प्रश्न विचारले : आचारी कधी बेटावर उतरला होता का, आणि उतरला असेल तर कधी. नऊ दिवसांनी उत्तर आले. रोजवहीतली नोंद त्याने जशीच्या तशी उतरवून पाठवली होती. त्या जानेवारीत, माझा फॅक्स पोहोचल्याच्या दुसऱ्या सकाळी, आठ वाजता : "आचाऱ्याला डिंगीने धक्क्यावर सोडले. घरी फोन करण्यासाठी. पंचवीस मिनिटे. लागला नाही. परत. न्याहारी वेळेवर." त्याखाली कप्तानाने स्वतःचे एक वाक्य लिहिले होते. नऊ हंगामांत आचारी चार्टरच्या काळात जमिनीवर गेला तो तेवढ्यापुरता. त्याच दुपारी बोट निर्जन बेटांकडे निघाली होती.

तिथले सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. मी बबनला त्या संध्याकाळविषयी विचारले. तो म्हणाला, "बूथ उघडाच होता. पण फोन मुका होता ना, भाऊ. मामा गेले त्याच्या आधीपासून लाइन तुटली होती, चवथ्या दिवशी जोडली. म्हणून तर शहापूरला येऊन तुमाला फोन केला." वहिनी चौथ्या दिवसापासून बूथवर बसू लागल्या होत्या, हेही त्याने तेव्हाच सांगितले.

त्यामुळे दुरुस्ती अशी. सदर लेखात जनार्दन दर रविवारी बेटावर उतरतो, बाजारात जातो आणि टेकडी चढतो असे म्हटले होते, ते चुकीचे आहे. तो त्या बेटावर एकदाच, पंचवीस मिनिटांसाठी, धक्क्यावरच्या टेलिफोनपर्यंत गेला. त्याला दिलेला क्रमांक त्या दिवशी बंद होता. तो क्रमांक मी दिला होता.

हे छापण्याआधी मी वहिनींना वाचून दाखवायला गेलो. त्या ओटीवर बसल्या होत्या. कप्तानाच्या ईमेलचा कागद मी मराठीत वाचला, मग वरच्या दुरुस्तीचा. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतले आणि दुसरा स्वतः वाचला, ओळीवरून बोट फिरवत.

"मग मला सांगितलं का नाय?" त्या म्हणाल्या. "उतरलोच नाय म्हणाला. मला म्हणाला, तुमालापण म्हणाला."

मी म्हणालो, "ते मला माहीत नाही, वहिनी."

त्यांनी वही मागून घेतली. जोडपान पाहिले. चौकोन पाहिला, क्रमांक पुटपुटत वाचला. मग पाने उलटत शेवटच्या पानावर गेल्या, जिथे मी पाहिले नव्हते. तिथे एक यादी होती आणि वर मथळा : पाय लावलेल्या जागा. वहिनींनी ती वरून खाली वाचली आणि पुन्हा खालून वर.

"अर्धं खाचर," त्या म्हणाल्या. "फोन लागला नाय ना."

मग त्यांनी वही माझ्यापुढे धरली. यादीत सात नावे आहेत. त्या बेटाचे नाव त्यांत नाही.